'राहू द्यावे' असं लिहून गेलात

प्रिय अप्पा,

तुमच्यावर रागावून लिहायची ही पहिलीच वेळ. तुमचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि महेशने पिशवीतून तुमचं मृत्युपत्र काढलं. तेव्हा मी ऐकून घेतलं. पण काल तो मिस्त्रीला घेऊन आला आणि टेप लावून आपला हॉल मोजायला लागला. म्हणून आज लिहायला बसले.

त्या दिवशी महेश खाली मान घालून वाचत होता. 'सदर घर माझा मुलगा महेश याच्या मालकीचे होईल. माझी अविवाहित मुलगी सुनंदा हिला तिच्या हयातीपर्यंत सदर घरात राहू द्यावे.'

राहू द्यावे. कोणी कोणाला, अप्पा? धाकट्या भावाने मला?

लालबागची आपली चाळ पाडून टॉवर करायचं ठरलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "माका ह्यातला काय कळणा नाय, गो बाय. तूच बघ." मी बघितलं. हॉस्पिटलच्या औषधखात्यातली ड्युटी संपवून मी चाळीच्या मीटिंगांना जायची. सगळे पुरुष, मी एकटी बाई. भाडेकरूंच्या यादीतून आपलं नाव गळलं होतं, तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात कोण जाऊन बसलं होतं? शीवच्या तात्पुरत्या इमारतीत जिने चढताना तुम्हाला धाप लागायची, तेव्हा कुणाच्या खांद्यावर हात असायचा? महेश लग्न करून डोंबिवलीला गेला होता. जाऊ दे, त्याचा संसार होता. मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही.

नव्या घराची किल्ली मिळाली, त्या दिवशी सगळ्या चाळकऱ्यांसमोर ती तुम्ही माझ्या हातात ठेवलीत. "ह्या घर माझ्या चेडवान आणल्यान," म्हणालात. ते खरं होतं ना? मग नंतर काय बदललं?

आणि तो डॉक्टरांचा दाखला! "पेन्शनवाले मागतत," असं सांगितलंत मला. मी रजा टाकली, तुमचा हात धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तुम्हाला वार विचारत होते, मुलांची नावं विचारत होते. मी हसून म्हटलं, "डॉक्टर, अप्पांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं." तो दाखला मृत्युपत्राला जोडलाय. तुम्ही शुद्धीवर, विचार करून मला वगळलंत, ह्याचा पुरावा मीच आणून दिला.

पुढच्याच आठवड्यात महेश गाडी घेऊन आला. "अप्पांचे डोळे दाखवून आणतो," म्हणाला. मला केवढं बरं वाटलं होतं, पोरगा स्वतःहून आला म्हणून. तुमचा पांढरा शर्ट मी इस्त्री करून दिला. संध्याकाळी परत आलात तेव्हा विचारलं, "काय म्हणाले डोळ्यांचं?" माझ्याकडे न बघता म्हणालात, "बरे आसत." त्या दिवशी तुम्ही रजिस्ट्रारच्या ऑफिसात अंगठे देऊन आला होतात.

घर देऊन टाकलंत, त्यापेक्षा ते 'बरे आसत' मला जास्त लागलंय.

साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकांची सही आहे. त्यानंतरही ते आपल्याकडे बांगड्याचं तिखलं खायला येत होते. मी त्यांना गाठलं. बिचारे कावरेबावरे झाले. "तुझो बापूस म्हणालो, पोरीक मूल नाय, तिच्यामागे घर खंय जातला? नातवाकडे रवांदे. माका सही करुक सांगल्यान, मी केलंय."

मला मूल नाही. पण मी कुणाचं मूल होते, अप्पा?

एकदा विचारायचं होतंत. मीच म्हटलं असतं, माझ्यानंतर ओंकारला द्या. महेशचा मुलगा मला काय परका आहे? 'सुनंदाचं घर, तिच्यानंतर नातवाचं,' एवढं लिहिलं असतंत तर तुमचं नावही राहिलं असतं आणि माझंही. मी आडवी येईन असं वाटलं तुम्हाला? की माझ्यासमोर तोंड उघडायचा धीर झाला नाही?

काल महेश म्हणाला, "ताई, ओंकारचं लग्न ठरतंय. हॉलमध्ये पार्टिशन घालतो. तुझी आतली खोली तुलाच आहे."

"आतली खोली असं कुठे लिहिलंय?"

"अगं, तुला राहू द्यायचं हे तर अप्पांनीच..."

"घरात राहू द्यावे असं लिहिलंय. खोलीत नाही. मी दादरला वकीलबाईंना दाखवून आलेय. माझ्या संमतीशिवाय भिंत घालू नकोस."

त्याचा चेहरा पडला. "तू माझ्याविरुद्ध वकिलाकडे गेलीस? आणि मला सांगितलं पण नाहीस?"

हे बोलता बोलताच त्याचं त्यालाच कळलं. टेप गुंडाळली. मिस्त्रीला मी चहा दिला, त्याचा काय दोष? लिफ्टपाशी महेश हळूच म्हणाला, "मी म्हटलं होतं गं अप्पांना, ताईला सांगूया."

"मग तू का नाही सांगितलंस?"

लिफ्ट आली. तो गेला.

ओंकारने लग्न करून इथे यावं. त्याला मी नाही म्हणणार नाही. सून आली तर घर भरेल. पण मला विचारून या. कोपऱ्यात सरकवून नको. असं आज सकाळी मी महेशला फोन करून सांगितलं. तो "बघतो" म्हणाला. बघू दे.

तुमच्या फोटोला मी रोज हार घालते. काल घातला नाही. आज घातला, पण हात जड झाला होता, हे तुम्हाला कळायला हवं.

आता मीही माझं मृत्युपत्र करायला घेतलंय. आईच्या पाटल्या आहेत, थोडीफार माझी पुंजी आहे. कुणाला काय द्यायचं, ते अजून ठरत नाहीये. पण एक शब्द देते तुम्हाला. ज्याला देईन त्याला आणि ज्याला देणार नाही त्यालाही मी समोर बसवून, माझ्या तोंडाने सांगेन. कुणी रडेल, कुणी उठून जाईल, कुणी वाटेल ते बोलेल. बोलू दे. ऐकायला मी जिवंत असेन.

तुमची,
सुनंदा