माझे घर, माझी गाडी आणि माझी तक्रार

मी चंपा अंबादास खरात, वय अडुसष्ट, महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका, राहणार भांडुप पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला राग आलेला आहे हे खरे, पण रागावलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येत नाही, असे वकिलांनी मला सांगितलेले नाही.

१. राहती सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे ती मुलगा अनिरुद्ध आणि मुलगी चेतना यांना निम्मी निम्मी मिळावी. बँकेतली ठेवही तशीच वाटावी. दागिने चेतनाचे.

२. माझे पती अंबादास यांची पुस्तके बुद्धविहाराच्या अभ्यासिकेला द्यावीत. रद्दीत घालू नयेत. माझ्या मागे त्रिशरण, पंचशील म्हणावे. जेवणावळी नकोत.

३. माझी जुनी पांढरी छोटी गाडी मी चेतनाला देत आहे. अनिरुद्ध या गाडीला ‘डबडं’ म्हणतो, म्हणून हे कलम जरा लांब होणार आहे.

अंबादासना डायलिसिस लागले तेव्हा मी गाडी चालवायला शिकले. अठ्ठावन्न वर्षांची होते. शिकवणारा पोरगा हसला, मी शिकले. अंधेरीच्या केंद्रात आठवड्यातून तीनदा जायचे. अनिरुद्धचे ऑफिस पवईत, रस्ता तिथूनच जातो. तो म्हणे, “आई, टॅक्सी बोलव ना.” बोलावल्याही. पण अंबादासना गाडीतच बरे वाटायचे. येताना काच खाली करून ते पवईच्या तलावाकडे बघत, रुग्णालयात न बोललेले सगळे बोलत. दुखण्याच्या त्या वर्षांत आम्हा दोघांचे फिरणे म्हणाल तर तेवढेच.

गाडी जुनी झाली तशी कुरकुरू लागली. क्लच प्लेट गेली, सस्पेन्शनचे रबर गेले, खड्ड्यात खडखडायची. त्याची मी तक्रार करत नाही. वय झाले की दुरुस्ती आलीच, मलाही गुडघ्यांची करावी लागली. मग इंजिन तापू लागले. मुलुंडच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. त्याचे नाव तक्रारीत आहे, माझ्या शेवटच्या कागदावर ते नको. मॅनेजर म्हणाला, रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही नवे टाकावे लागतील. बिल माझ्या महिन्याच्या पेन्शनहून मोठे आले. मी एका शब्दाने घासाघीस केली नाही. फक्त जुने सामान मागितले. “काकू, ते भंगारात गेलं. तुम्ही काय करणार त्याचं?”

मे महिना होता. डायलिसिस करून परतताना पवईच्या चढावर बॉनेटमधून वाफ उसळली. मी गाडी कडेला घेतली आणि अंबादासना उतरवले. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो; त्यांचा इतका उतरला की फुटपाथवर माझ्या मांडीवर डोके टेकून ते ओकले. स्वतःच्या हाताने इस्त्री केल्याशिवाय शर्ट न घालणारा माणूस. दोन जण मोबाइलवर शूटिंग करत होते. मी अनिरुद्धला फोन केला. “मीटिंगमध्ये आहे, रिक्षा कर.” शेवटी एका रिक्षावाल्याने त्यांना उचलून रिक्षात घातले.

गाडी टो करून भांडुपात मेकॅनिक धाकू परब यांच्याकडे आणली. त्यांनी बॉनेट उघडून मला बोलावले. “काकी, ह्यो रेडिएटर नवो नाय. जुन्याकच सील लावून काळो रंग मारलोहा.” पंपही जुनाच होता. त्यांनी तसे लिहून दिले. मी मुलुंडला गेले. मॅनेजर म्हणाला, “जुनी गाडी आहे, काकू. जुन्या गाडीचं काही सांगता येत नाही.”

धाकूंनी गाडी नीट केली. पण अंबादास पुन्हा तिच्यात बसले नाहीत. म्हणाले, “चंपा, तुझी भीती नाही गं वाटत. रस्त्यात पडायची वाटते.” त्यानंतर ते हिवाळ्यापर्यंत होते. टॅक्सीत परक्या माणसासमोर ते गप्प बसत. तलाव आला तरी मान वर करत नसत.

४. त्या गॅरेजविरुद्ध ग्राहक आयोगात माझी तक्रार चालू आहे. माझ्यानंतर ती चेतनाने वारस म्हणून पुढे चालवावी. वकिलांशी बोलणे झाले आहे.

ती अनिरुद्धकडे का नाही, तेही लिहिते. अंबादास गेल्यावर तो एक टाइप केलेला कागद घेऊन आला.

“आई, सही कर. गॅरेजवाले सगळे पैसे परत देतायत. विषय संपव ना.”

“आणि बाबांचं काय?”

“बाबा किडनीने गेले गं. रेडिएटरने नाही.”

मी परिचारिका आहे. हे मला त्याच्याआधी माहीत होते. त्यांच्या मरणाचा आरोप मी कोणावर केलेला नाही. माझी तक्रार त्यांच्या उरलेल्या जगण्याची आहे. ते त्या लोकांनी एका काळ्या रंगाच्या हाताखाली दाबले. मी सही केली नाही. मग कळले, अनिरुद्धच्या नव्या गाडीची सर्व्हिसिंग त्या गॅरेजने आधीच फुकट करून दिली होती.

५. चेतनाने पैशांवर तडजोड करू नये. मात्र तो मॅनेजर समोर उभा राहून, अंबादास खरात हे नाव घेऊन म्हणाला, “आम्ही तुमच्या वडिलांना रस्त्यावर बसवलं,” तर तक्रार त्याच दिवशी मागे घ्यावी. एक रुपयाही घेऊ नये.

ते ऐकायला अनिरुद्धने बहिणीच्या शेजारी उभे राहावे. तेवढे केले तर आईच्या मनात काही उरले नाही असे त्याने समजावे. नाही केले तरी घराचा अर्धा हिस्सा त्याचाच आहे. तो त्याच्या बापाच्या घामाचा आहे, तो मी रागाच्या हिशोबात धरलेला नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी चेतनाने करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

चंपा अंबादास खरात
(सही)

त्यांनी आमच्यासमोर सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. जानकी विठ्ठल सावंत, शेजारी, भांडुप पश्चिम (सही)
२. धाकू रामा परब, मोटार मेकॅनिक, भांडुप पश्चिम (सही)

ठिकाण: भांडुप, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५