साहेबांच्या तोंडून आलेलं नाव

दादा,

माझं नाव ठेवलं त्या दिवशी ‘साहेब, पोरगी हाय’ एवढं एक वाक्य बाप म्हणून तुमच्या तोंडून का निघालं नाही? कळायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्यासोबत आहे. भित्रे होता म्हणावं, तर कुणाच्या घरात साप निघाला की गल्ली तुम्हालाच हाक मारायची. मुखदुर्बळ म्हणावं, तर आईशी भांडताना तुमचा आवाज वेशीपर्यंत जायचा. मग उरतं ते एकच, आणि ते लिहायला मला आवडत नाही. तुम्हाला साहेबांपुढे वाकायला आवडायचं.

आपल्या कारखान्यावर तेव्हा ती रीतच होती. हंगाम सुरू व्हायच्या दिवशी चेअरमनसाहेब गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचे, नारळ फुटायचा आणि मग कामगार आपापली नवी लेकरं घेऊन रांगेत उभे राहायचे. साहेब चालता चालता एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत आणि नाव सांगत. त्या लेकराचं मग वेगळं बारसं होत नसे. आईनं सांगितलेलं आठवतं, तुम्ही मला तुमच्या फेट्यात गुंडाळून नेलं होतं. ऑफिसचा शिपाई म्हणून तुमचा नंबर पुढे होता. साहेबांचं लक्ष फोटोवाल्याकडे. “सुधाकर ठेवा,” म्हणाले आणि पुढे गेले. पुढच्या लेकरालाही त्यांनी सुधाकरच सांगितलं. त्या लेकराच्या बापानं घरी जाऊन गुपचूप दुसरं नाव ठेवलं. तुम्ही पेढे वाटलेत.

आई मला सुधी म्हणायची, पण शाळेत तुम्ही सुधाकरच लावलंत. मास्तर हजेरी घेताना ते नाव पुकारायचे, मी परकराचा घोळ सावरत उभी राहायचे, आणि नव्या मास्तरांना दरवर्षी तेच समजावून सांगावं लागायचं. “भावाच्या पासवर फिरती का गं?” असं म्हणून कंडक्टरनं मला एकदा अर्ध्या वाटेत उतरवलं होतं. हेडमास्तर चांगले होते, त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं, म्हणाले, सुधा करून टाकू, कुणाला पत्ता लागणार नाही. मी दाराशी उभी होते. तुम्ही टोपी काढून हातात धरली होती. “न्हाई गुरुजी. साहेबाच्या तोंडून आलंय.”

मी चौथीच्या शिष्यवृत्तीत आले तेव्हा तुम्ही मला ऑफिसात नेलंत. तुम्ही चहाचा ट्रे धरलेला, मी तुमच्या मागे, आत डायरेक्टर लोकांची मीटिंग चाललेली. “साहेब, ही आपली सुधाकर. शिष्यवृत्तीत आली,” तुम्ही म्हणता. साहेब मान वर करतात. “पोरगी? आरं, मग तवाच सांगायचं न्हाई का बे?” सगळे टेबलावर हात आपटून हसतात. एक जाडे डायरेक्टर म्हणतात, “साहेब, आता हिला लक्ष्मी नावाचा नवरा बघून द्या.” पुन्हा हसू. आणि दादा, तुम्हीही हसता. कपबशा वाजू नयेत म्हणून ट्रे छातीशी धरून, सगळ्यात जास्त वेळ तुम्हीच हसता. साहेब म्हणाले, “बदल की मग नाव.” तुम्ही म्हणालात, “न्हाई साहेब, आमी बदलत नसतो.” जणू माझ्यावर नव्हे, त्यांच्यावर उपकार करत होता. त्यांनी बशीतलं बिस्कीट माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. बाहेर आल्यावर तुम्ही माझं मनगट आवळलंत, “साहेबाच्या हातचं नाकारती? कावून?” घर येईपर्यंत तुम्ही त्या बिस्किटावरूनच बोलत होता. शिष्यवृत्तीचं नाव नाही.

मग पावसानं सलग पाठ फिरवली. ऊस उभा वाळला, कारखाना बंद पडला, साहेब बीडला बंगल्यात राहायला गेले. आई टँकरच्या मागे घागरी घेऊन पळत होती आणि तुम्ही रोज खाकी कपडे घालून कुलूपबंद ऑफिसात चेअरमनची खुर्ची पुसायला जात होता. “धूळ बसली तर बरं दिसत न्हाई,” म्हणायचात. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मयतीला कारखान्यावरून कुणी आलं नाही. आठवीतली मी, रस्त्याकडे बघत बसले होते, जीप दिसते का म्हणून. त्याची मला अजून लाज वाटते, आणि ती लाज मला तुम्ही लावलेली आहे. पुढे कॉलेजात सहकारावर निबंध लिहिला, ‘सभासद हाच मालक’ असं त्यात ठासून लिहिलं, बक्षीसही मिळालं. लिहिताना तुमचा तो खुर्ची पुसायचा फडका डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आता मला मुलगा झाला आहे. आई भावाकडे पुण्यात असते, तिच्या हातून आता काही होत नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. नावावरून पहिल्या दिवसापासून घर पेटलेलं. नणंदेनं मोबाईलवरून काढलेली नावं तिला स्वतःलाच वाचता येत नव्हती. नवरा म्हणाला, किरण ठेवू. मी नाही म्हटलं, ते मुलीचंही असतं. लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव बघून त्याचे मित्र त्याला काय काय बोलले होते ते तो विसरला असेल, मी नाही. माझ्या मनात ‘ऋत’ होतं. ऋत म्हणजे सत्य, सृष्टीचा नियम, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या बाळाला शेक देत होत्या.

“रुत?”

“ऋत.”

“तेच की. रुतूच म्हनतेल सगळे. शाळंत पोरीच्या रांगंत बसवतेल. तुला लई हौस हाय का त्याची?”

त्यांना मला लागेल असं बोलायचं नव्हतं, पण लागलं. ऋत मनातून काढून टाकलं.

तोवर सासऱ्यांनी दुसरंच ठरवलं होतं. कारखाना मधल्या वर्षांत पुन्हा सुरू झाला, तुमच्या साहेबांचा मुलगा चेअरमन आहे, आता साहेब तोच. यंदा पुन्हा दुष्काळ, आणि कारखान्याच्या आवारात जनावरांची चारा छावणी त्याच्याच हातात. आमच्या दोन म्हशी गोठ्यात वाळलेलं सरमाड चघळत उभ्या आहेत. सासरे म्हणाले, “बारशाला साहेबाला आणतो. नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या, म्हशीचं काम झालंच समजा.”

मी म्हणाले, “मामा, छावणी सरकारच्या पैशाची हाय. साहेबाच्या घरची न्हाई. अर्ज दिला की जागा द्यावी लागते.”

“तू गावच्या बायांच्या दूध सोसायटीची सेक्रेटरी. तुला अर्ज दिसतो. मला म्हशी दिसत्यात.”

“आणि साहेबांनी सगुणाबाई ठेवलं तर?”

“तर सगुणाबाई,” सासरे म्हणाले, आणि हसले नाहीत.

दादा, मला त्या क्षणी त्यांचा नाही, तुमचा राग आला. या भागात तुमच्यासारखे घरोघरी आहेत. हे स्वतःच्या मुलाच्या कानात स्वतःचा शब्द सांगायला घाबरतात आणि त्याला निष्ठा म्हणतात. साहेबाची वेळ रविवारची मिळाली. सासऱ्यांनी स्वागताचा फ्लेक्स छापायला टाकला. त्यात साहेबाचा फोटो मोठा, बाळाचा कोपऱ्यात, आणि बाळाच्या फोटोखाली नावापुरती मोकळी जागा. साहेब बोलले की मार्करनं लिहायचं, असं ठरलं आहे.

आज शुक्रवार. सासरे सकाळीच तो फ्लेक्स आणायला युसूफ वडगावला गेले. नवरा त्यांच्यासोबत. सासूबाई पाळण्यापाशी बसल्या होत्या. मी विचारलं, “आत्याबाई, तुम्हाला लांबून हाक मारायला कोणतं नाव सोपं जाईल?” त्यांनी पाळण्याची दोरी सोडून माझ्याकडे पाहिलं. घरातल्या कुठल्याच नावाच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. मग म्हणाल्या, “माधव. वढ्याच्या पल्याडबी ऐकू जातंय.” आणि उठता उठता, “म्हशीचं बघू. तू शेजारणीला हाक मार.”

दादा, हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. एक तेवढं कबूल करते. सासरे आत्ता अंगणात फ्लेक्सचं भेंडोळं सोडवतायत, साहेबाच्या चहासाठी कुणाकडून चांगल्या कपबशा आणायच्या ते मोठ्यानं विचारतायत, आणि मला अजून बाहेर जाऊन एक वाक्य बोलायला धीर झालेला नाही. पण चार बायांनी पाळण्याची दोरी धरली, नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र केलं, घुगऱ्या वाटून संपल्या. माधवचं बारसं आज सकाळीच झालं.