‘टाउन’च्या कार्डावरची कोरी ओळ

गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

आठ दिवस झाले, संध्याकाळी देवापुढे बसलो की तुमचं नाव घेतो आणि तिथेच अडकतो. मनात राग ठेवून हात जोडणं खोटं वाटतं. म्हणून जे आहे ते लिहून टाकतो.

तुमच्या वर्षश्राद्धाला आम्ही हसनाबादच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तुमची शब्दांची कार्डं छापायचं ठरवलं. तुमच्या घरी गेलो, तर काकूंनी कार्डांची पेटी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "ज्ञानोबा, ने बाबा हे सगळं. तुम्हा दोघांचाच खेळ होता तो." कार्डांच्या खाली एक जाडजूड कोश निघाला. इंग्रजी शब्दांची जर्मन, डच, आइसलँडकडची सगळी भावंडं त्यात दिलेली. पहिल्या पानावर तुमची सही, आणि साल मी आठवीत होतो तेव्हाचं.

म्हणजे सगळं तुमच्याजवळ होतं?

मग मला शब्दांमागे का पळवलंत, गुरुजी? तुमचा नियम असा की परक्या भाषेतला शब्द ती भाषा बोलणाऱ्या माणसाच्या तोंडूनच यायला हवा. एका इंग्रजी शब्दाचं एक कार्ड, आणि त्याच्या भावंडांसाठी चार रकाने : भाषा, शब्द, अर्थ, कुणाकडून. शेवटच्या रकान्यात नाव नसेल तर ती ओळ कोरी. मी तो नियम देवाच्या नेमासारखा पाळला.

‘टाउन’चं कार्ड आठवतं? जालन्याच्या एका दवाखान्यात जर्मन सिस्टर आल्याचं तुम्हाला कळलं. "उद्या चालल्या त्या. जल्दी जा," म्हणालात. मी हातातलं काम टाकून एसटी धरली. सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे ‘त्साउन’ म्हणजे कुंपण. शब्द घेऊन परतलो, तर आमच्याच मळ्याच्या कुंपणाला खिंडार तसंच सोडून गेल्तो मी. त्यातून म्हशी हरभऱ्यात शिरलेल्या. बाबा बांधावर बसून होते.

"या साहेब. जर्मनीचं कुंपण घालून आला का?"

पुढे दोन महिने ते माझ्याशी धड बोलले नाहीत. तुम्हाला हे सांगितलं, तर तुम्ही काय विचारलंत?

"लाकडाचं का काट्यांचं? ते विचारलंच न्हाई?"

नंतर मी जालन्यात बियाण्याच्या कंपनीत लागलो. तिथे हॉलंडचा एक पाहुणा आला. त्याच्याकडे तोच शब्द ‘टाइन’सारखा काहीतरी, आणि अर्थ बाग. त्याच रविवारी तुमच्याकडे आलो. तुम्ही खाटेवरून उठून बसलात.

"बराबर. अगोदर कुंपण आलं. मंग जर्मन कुंपणालाच धरून राह्यला. डच आतल्या बागेत गेला. अन् इंग्रजानं आत गावच वसवलं. आता आइसलँडचा माणूस भेटला की कार्ड पुरं."

"गुरुजी, आइसलँडचा माणूस हसनाबादला कशाला येईल?"

"तू जालन्यात हायेस ना? मंग?"

दहा वर्षं वाट पाहिलीत आणि गेलात. ती ओळ कोरीच राहिली. आणि कोशात मात्र आइसलँडच्या ‘तून, घराजवळचं गवताचं रान’ या शब्दांखाली तुमच्या पेन्सिलीची रेघ! माझ्यासमोर वाट पाहत बसत होतात, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं ना?

उद्या कार्डं छापखान्यात द्यायची आहेत. म्हणून आज दुपारी सगळी पुन्हा चाळली. ‘त्साउन’ला कोशात अर्धी ओळ आहे. तुमच्या कार्डाच्या पाठीवर मात्र बारीक अक्षरात लिहिलंय, की सिस्टरची आजी आणि शेजारीण कुंपणावरून वर्षानुवर्षं भांडत, आणि आलुबुखार पिकले की त्याच कुंपणावरून एकमेकींना देत. हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. मी विसरलो होतो, तुम्ही लिहून ठेवलंत.

हे मी मान्य करतो. पण एकदा सरळ सांगायचं होतं, "ज्ञानोबा, माझ्याकडे कोश आहे, तरी तू जा." गेलो नसतो का मी? एवढाही भरवसा नव्हता माझ्यावर?

उद्या मी ती ओळ भरणार आहे. भाषा, शब्द, अर्थ, आणि ‘कुणाकडून’खाली लिहीन : कोशातून. तुमच्या सगळ्या कार्डांत अशी ओळ ही एकच. तुम्हाला ते आवडणार नाही. मलाही आवडत नाही. पण नोकरीची अजून काही वर्षं आहेत. आइसलँडचा माणूस कधी जालन्यात आलाच, तर माझ्या प्रतीतलं ‘कोशातून’ खोडून त्याचं नाव लिहीन. आणि त्याच्या घराजवळचं गवत कोण कापतं, तेही विचारून घेईन. हा माझा शब्द.

तुमच्यावर रागावलेला,
ज्ञानोबा