संगमावर तुला नेलं नाही

अव्वा, तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. तुझी ही लेक तेव्हा बँकेत नुकतीच लागली होती. आपण सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो, पण तू खाणावळीतलं काम सोडलं नव्हतंस. सकाळी जायचीस ती दुपार उलटेपर्यंत चुलीसमोर बसून भाकरी थापायचीस. पुढच्या खोलीत आमच्याच बँकेतले लोक जेवायचे, आणि गर्दी झाली की गरम भाकरी घेऊन तूच वाढायला यायचीस. घरी आलीस की बादलीभर पाण्यात पाय सोडून बसायचीस आणि अक्कलकोटकडच्या तुझ्या माहेरच्या नदीचं काहीबाही सांगायचीस. मी हूं हूं करत मोबाइल बघायचे.

त्या हिवाळ्यात ऑफिसातल्या आम्ही सहासात जणांनी रविवारी कुडलच्या संगमावर जायचं ठरवलं. भीमा आणि सीना मिळतात तिथं, जुनं देऊळ आहे, निवांत असतं. तू ओट्यापाशी भांडी घासत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मला पण ने की. एका बाजूला बसते. नुसतं पाणी बघते." मी सांगितलं की तिथं लई चालावं लागतं, सगळे दगडधोंडे आहेत, तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही. तू बरं म्हणालीस. गाडी थेट देवळापर्यंत जाते हे मला ठाऊक होतं. तुला कुणीतरी ओळखेल, एवढीच मला धास्ती होती.

तरी रविवारी तू लवकर उठून सगळ्यांना पुरतील एवढ्या भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिलीस. संगमावर आम्ही चिंचेखाली गोल करून बसलोय. समोर पाणी इतकं संथ की कुठली नदी कुठली ते कळत नाही. आमचे साहेब भाकरीचा तुकडा मोडून बघतात आणि विचारतात, कुणी केल्या, किती पातळ आहेत. मी म्हणते, "खाणावळीत एक बाई आहेत. ओळखीच्या आहेत." अगदी सहज म्हणते. कुणी पुढं विचारत नाही. मी पाण्याकडे बघत जेवत राहते आणि घास उतरत राहतो.

संध्याकाळी तू फोटो दाखव म्हणालीस. एका फोटोत देवळाच्या दाराशीच आमची गाडी उभी होती आणि तिच्या बाजूनं एक म्हातारी काठी टेकत चालली होती. तो फोटो तू जरा जास्त वेळ धरलास. मग म्हणालीस, "गाडी पार तिथवर जाती व्हय." तू फोन परत दिलास आणि भाकरी आवडल्या का विचारलंस. आवडल्या, म्हणाले. त्यानंतर कुठं ने म्हणून तू कधी तोंड उघडलं नाहीस, आणि दोन वर्षांत गेलीस.

मी आता खूप फिरते. रजा मिळाली की डोंगर, जंगल, कुठंही. फिरायला लागल्यापासून माझा चेहरा निवळला, असं ऑफिसात म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला सगळ्यांसमोर बोलायला उभं केलं, निसर्गात मन कसं शांत होतं यावर. शेवटी एका नव्या मुलीनं विचारलं, ही ओढ तुम्हाला कुणाकडून आली? माझी मलाच लागली, असं उत्तर दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी घरी येऊन वही काढली.

हे कुणाला दाखवायचं नाही, तूही वाचणार नाहीस, म्हणून एक सांगते. तुला नेलं नाही म्हणून, तू गेल्यावर मला कुठल्याच पाण्याकाठी सुख लागणार नाही असं वाटायचं. तसं काही झालं नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत पहाडातल्या एका नदीशी तासभर एकटी बसले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या तासात तू एकदाही आठवली नाहीस.