सतराव्या गेटचं विमान

सोमवार, ३

पोचलो एकदाच्या. दोघी बहिणी, चार बॅगा आणि ताईचं शिलाई मशीन, जे टेम्पोवाल्याने नाक मुरडत उतरवलं. विमानतळाच्या वसाहतीतली ही खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून नवं टर्मिनल दिसतं, अजून अर्धं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. राजधानीची गर्दी जुन्या इमारतीत मावेना म्हणून हे बांधलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उद्घाटन.

आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं. तिने जन्मात विमानात पाय ठेवलेला नाही. आता म्हणते, चिमे, तुझ्या जिवावर खिडकीतून तरी बघते. दुपारभर बसून तिने एकवीस विमानं मोजली. दारावरच्या पाटीवर मी हट्टाने तिचं नाव वर लावलं आणि माझं खाली. पाटी जरा तिरकी बसली आहे, त्यावरून तिची कुरकूर सुरू आहे.

बुधवार, ५

माझं पद 'चाचणी पर्यवेक्षक'. ऐकायला भारदस्त, काम मात्र भातुकलीचं. टर्मिनल खरंच चालतं का, हे उद्घाटनाआधी बघायला खोटे प्रवासी आणायचे. दोनशे माणसं, रिकाम्या बॅगा, खोटी तिकिटं. फलकावर खोट्या शहरांना जाणारी खोटी विमानं लागतात. लोक रांगा लावतात, तपासणीतून जातात आणि सतराव्या गेटमधून आत शिरतात. तिथला विमानाला जोडायचा बोगदा अजून कशालाच जोडलेला नाही. टोकाला जिना, खाली बस. ती वळसा घालून सगळ्यांना आगमनाच्या दालनात आणून सोडते. तिथे जेवणाचं पाकीट घ्यायचं आणि घरी जायचं.

बोर्डिंग कार्डांच्या टेबलावर शिक्केकाकू असतात. विमानतळ तीनदा वाढला, तिन्ही वेळा शिक्के त्यांनीच मारले. त्यांनी मला एकच नियम दोनदा सांगितला, की कार्डावर छापलेलं खोटंच नाव चालवायचं, खरं कुणाचं लिहायचं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, पद्धत आहे. पद्धतीला कारण विचारू नये, एवढं नोकरीच्या पहिल्या आठवड्यातही कळतं.

शनिवार, ८

पहिली चाचणी. रांगेत एक निवृत्त हेडमास्तर होते, चकचकीत काळे बूट घालून आलेले. कार्डावरचं खोटं नाव खोडून त्यांनी स्वतःच्या पेनाने स्वतःचं लिहिलं होतं. चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, आता या वयात स्वतः कसं बोलू, असं त्यांनी मला ऐकवलं. मला हसू आलं. जाऊ दिलं.

गेटवर मी दोनशे मोजले. आगमनात उतरले एकशे नव्व्याण्णव. जेवणाचं एक पाकीट उरलं. आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, मोजण्यात चूक झाली असेल. मी टाके मोजणाऱ्या बाईच्या हाताखाली वाढले आहे. माझी मोजणी चुकत नाही.

सोमवार, १०

काकूंच्या प्रवाशांच्या वहीत आज एकशे नव्व्याण्णवच नावं आहेत. हेडमास्तरांची ओळ नाही. पान फाटलेलं नाही, क्रमांकही सलग. काकूंनी काल बसून वही नव्याने लिहिली असणार. साहेबांना विचारलं तर त्यांनी फोन उचलला, आणि फोन वाजलाच नव्हता. दोघं काहीतरी दडवताहेत.

ताईजवळ सगळं बोलले. माझा संशय सांगितला, की चाचणीच्या गर्दीतून माणसं चोरून खऱ्या विमानात चढवत असतील, कागदपत्रांशिवाय. ताईने सुई दातात धरून ऐकलं आणि म्हणाली, तू म्हणतेस म्हणजे असेल.

बुधवार, १२

हेडमास्तर बोलता बोलता म्हणाले होते की पाण्याच्या टाकीमागे राहतात. जेवणाच्या सुट्टीत गेले. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. त्या म्हणाल्या, इथे मी एकटीच राहते, माझं लग्नच झालेलं नाही. मला वाटलं, यांनाही पढवून ठेवलंय. पण उंबऱ्याशी बूटपॉलिशची उघडी डबी होती. बाईंनी ती उचलून उलटसुलट बघितली आणि मलाच विचारलं, ही कुणाची हो?



शुक्रवार, १४

उद्या दुसरी चाचणी. ताईच म्हणाली की ती रांगेत उभी राहील आणि आत नेऊन काय करतात ते बघून येईल. आधी नको म्हटलं. मग विचार केला, आपलं असं विश्वासाचं माणूस दुसरं आहे कोण? खरं तर तिला आतून टर्मिनल बघायची हौसही आहे. नव्या हिरव्या कापडाची पिशवी शिवून तयार आहे.

संध्याकाळभर खोट्या नावाची तालीम केली. तीनदा हसली, चारदा विसरली. जीभच वळेना. शेवटी मी कोऱ्या कार्डावर तिचं खरंच नाव लिहिलं. दुपारी काकू चहाला गेल्या होत्या तेवढ्यात शिक्काही मीच मारून ठेवला होता. एका कार्डाने काय होतंय.

शनिवार, १५

ताई अठ्ठ्याऐंशीवी. गेटमधून वळून तिने डोळ्याखाली बोट ठेवलं, म्हणजे लक्ष आहे. मग गेली.

थोड्या वेळाने काचा थरथरल्या. मोठं विमान उठताना थरथरतात तशा. धावपट्टी रिकामी होती. फलकावर त्या खोट्या शहरापुढे दिवसभर 'चाचणी' लिहिलेलं असतं. तिथे 'निघालं' आलं.

आगमनात एकशे नव्व्याण्णव.

बस तपासली. बोगद्याच्या टोकापर्यंत धावले. भिंत, जिना, नव्या रंगाचा वास. साहेब म्हणाले, कोण ताई?

काकूंनी मात्र एवढंच विचारलं, की कार्डावर नाव कुठलं होतं. मी म्हटलं, तिचं खरं. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, खोटी माणसं खोट्या विमानात बसतात तोवर तो खेळ असतो. एक जरी खरा प्रवासी चढला की विमान खरं होतं. मग ते निघतं. मी त्यांचा दंड धरून विचारलं, परत कसं आणायचं. म्हणाल्या, एकदाच एक बाई मागे वळून परत आलेली पाहिली आहे. पुढच्या चाचणीत तिचा नवरा तिच्यामागे गेला होता. त्याने नावाने हाक मारली होती.

मंगळवारी शेवटची चाचणी आहे.

रविवार, १६

पाटीवर एकच नाव आहे. माझं. मधोमध. पाटी सरळ बसली आहे.

शेजारच्या वहिनी म्हणतात, तुम्ही एकट्याच तर आलात, तीन तारखेला. मी जिना उतरत होते तेव्हा बघितलं, दोन बॅगा होत्या. मी भांडले त्यांच्याशी. त्यांनी पाणी दिलं.

शिलाई मशीन नाही. फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग आहेत. मी त्यांवर हात ठेवून बसले आहे.

चूक माझी. मी साहेबांवर संशय घेतला, काकूंवर घेतला, आणि तिला मीच —

सोमवार, १७

डाग तीन.

सकाळी चहा दोन कप केला. दुसरा कुणाचा, हे आठवायला वेळ लागला. फार वेळ.

तिचं नाव कागदावर लिहून ठेवायला बसले. पेन टेकवलं आणि — जिभेवर आहे. अगदी जिभेवर.

ही रोजनिशी पहिल्यापासून चाळली. सगळीकडे 'ताई'. ताई म्हणाली, ताई हसली. एकदा तरी नाव लिहायचं होतं. एकदा —

मंगळवार, १८

माझ्या कार्डावर माझं खरं नाव. काकू शिक्का मारेनात. मग मारला. माझ्याकडे बघितलं नाही.

गेटच्या आत आहे. बोगदा संपत नाही. लिहीत चाललेय, म्हणजे विसरणार नाही. जिना आलाच नाही. पुढे उजेड आणि रांग. काळे चकचकीत बूट.

त्यांच्या पुढे हिरवी पिशवी. पाठमोरी.

'ताई' म्हणून ओरडले. चार बायका वळल्या. ती नाही. सगळ्यांच्याच ताया आहेत इथे.

नावाने हाक मारायला हवी. विमानाचं दार लागतंय. माझ्या दप्तरावर तिने रेशमाने नाव भरलं होतं — ते माझं. आई तिला हाक मारायची स्वयंपाकघरातून, रोज, मोठ्याने — आठव — आई म्हणायची, अगं —