तर्री वर, दवाई खाली

अकोला

हलीमाखाला, तुमाले अन् घरातल्या सगळ्याइले सलाम. पत्र मी रोज उद्यावर ढकलत आलो, हे आधीच कबूल करतो, म्हणजे हीना वाचून दाखवताना शिव्या द्यायले तुमाले मधात थांबावं लागणार नाही. (उर्दूत माझा हात अडखळते, म्हणून मराठीत. शिव्या उर्दूतच द्या.) गुडघा कसा आहे? तेल्हाऱ्यात एक जण गुडघ्यावर तेल देते, पण जाऊ द्या, तो भामटा निघाला.

तर तेल्हाऱ्याची जिनिंग बंद पडली (बोंडअळीनं कापूसच ठेवला नाही) अन् मी आता इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुऊन राहिलो. तिथल्या शकुन मॅडम घाण पाण्यातून दवाई काढून ती किती आहे ते मोजतात. कोंबड्याइले अँटिबायोटिक पाजतात ना, त्यातली बरीचशी तशीच नालीत जाते. तिथले जंतू ती पिऊन पिऊन निर्ढावतात, मग खरी गरज पडली की गोळी लागत नाही. मॅडम त्या पाण्यात एक रसायन ओततात, कुप्पी हलवून ठेवून देतात. दवाई पाणी सोडून रसायनात जाते अन् दोन थर पडतात. मले लगेच समजलं. तुमच्या रश्श्यातलं तिखट पाणी सोडून तेलात जाते अन् वर तर्री येते, तेच हे. मॅडम बरोबर म्हणाल्या, अन् मी स्वतःले अर्धा शास्त्रज्ञ समजू लागलो.

तिथंच घात झाला. परवा मॅडमनं रसायन बदललं. हे पाण्याहून जड. थर वेगळे करायले सांगून त्या बाहेर गेल्या. मी इमानदारीनं वरची तर्री जपून ठेवली अन् खालचं सगळं टाकाऊच्या डब्यात ओतलं. दवाई खाली होती. तुमच्या गल्लीमागं उत्तमरावनं कपाशी सोडून कोंबड्याइची शेड घातली ना, तिथलं ते शेवटचं पाणी होतं. त्याच्याशिवाय मॅडमचं काम अडलं.

मॅडम रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या अन् म्हणाल्या, "मुजम्मिल, तुझ्या घरचा रस्सा चांगला असेल." खाला, त्यापेक्षा थप्पड बरी. मी कुठूनही पळतो हे तुमाले माहीत आहे, पण ह्या बाईले असं टाकून जाववत नाही.

म्हणून काल अंजनगावले येऊन गेलो (हो, घरी न येता. तोंड कोणतं दाखवू?). पहिल्या वेळी उत्तमरावनं तुमच्या नावावर पाणी दिलं, कशाले पाह्यजे ते विचारलं नाही. ह्या खेपेस विचारलं अन् मी खरं सांगून बसलो. "माही बदनामी करतं काय बे?" म्हणत तो काठी घेऊन स्टँडपर्यंत मागं आला.

गुडघा जपा.

तुमचा मुजम्मिल

ता. क. पत्र खरं तर ह्याच्याचसाठी. उत्तमरावची पोरगी शालू तुमच्या हातावर जन्मली, तुमचा शब्द तो मोडत नाही. कॅनभर पाणी मागून एसटीच्या कंडक्टरजवळ द्या. झाकण घट्ट लावा, वास भारी आहे.

आणखी ता. क. जाऊ नका. उत्तमरावच इथं येऊन उभा आहे, मोटारसायकलले दोन्हीकडून कॅन बांधून. मी टेबलाखाली बसून लिहून राहिलो. मॅडमले म्हणते, "बाई, कोंबड्या मरून राहिल्या. दवाई लागूनच नाही राहिली. पाहा बरं, ह्या पाण्यात काय हाय." अन् मग म्हणते, "तो हलीमाआपाचा पोट्टा कुठं लपला? त्याले म्हणा, काठी घरी ठेवली. कॅन उतरवू लाग."