कडेने बांधायच्या सदऱ्याचा हक्कसोड

मी, नागोजीराव अंबोरे, वय ७४, धंदा शिंपीकाम, राहणार मंडी मोहल्ला, म्हैसूर, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मनाचे विचारू नये. माझी बायको वनजा गेल्यापासून तिथे काही हलत नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा धनुष याची. शिलाई मशीन सून सुप्रीता हिचे. धनुषला सुईत दोरा ओवता येत नाही.

२. आमच्या गल्लीतल्या विठोबाची वस्त्रे मी शिवतो. देवाला टेप लावायची नाही, नजरेनेच बेतायचे, हा रिवाज. त्यातून त्याचे हात कमरेवर, मग बाही चढणार कशी? म्हणून मी काखेपासून मनगटापर्यंत उघडा, कडेने बंदांनी बांधायचा अंगरखा काढला. पुढे अर्धांगाचा झटका येऊन वनजाचा डावा हात गेला. पोलके चढवताना ती कळवळायची. तिलाही तसाच सदरा शिवला. घातल्यावर म्हणाली, "देवाचं मला बसलं की हो. साकु, पुरे झालं, आता हात ओढू नका."

३. धनुष मेटगळ्ळीत एका कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. कारखान्याला ही बेतणी स्वतःच्या नावावर नोंदवून रुग्णांचे कपडे काढायचे आहेत. धनुषने कागद आणला.

"अप्पा, सुम्ने, गपचूप सही करा की. नाव तुमचंच छापतात."

"आणि देवाचा अंगरखा?"

"परवानगी मागू या. देतात ते."

विठोबाने कारखान्याकडे परवानगी मागायची, हे मला पटले नाही. सही केली नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

४. सबब या बेतणीवरचे सर्व हक्क मी सोडत आहे. ते धनुषला नाहीत, कारखान्याला नाहीत, देवळालाही नाहीत. ज्याच्या घरी हात उचलू न शकणारे माणूस आहे, त्याने खुशाल शिवावा. कारखान्यानेही शिवावा, फक्त दुसऱ्याला अडवू नये. कागदी खाके दुकानाबाहेर खिळ्याला टांगावेत.

५. शेजारचा शिंपी मंजुनाथ याने ही बेतणी न विचारता उचलली, म्हणून मी त्याच्याशी बोलणे टाकले होते. आता भांडायला कारण उरले नाही. साक्षीला बोलावले, तर आला. त्याचे बंद मात्र अजून वाकडेच असतात.

६. वनजाचा निळा सदरा खुंटीवर आहे. तो धुवू नये. मी गेलो की मला तोच घालावा. लहान पडेल, पण बंद सैल सोडता येतात. माझेही हात तेव्हा कुणाला उचलावे लागणार नाहीत.

हे वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

नागोजीराव अंबोरे
म्हैसूर, ९ फेब्रुवारी २०२४

साक्षीदार:
मंजुनाथ, शिंपी, शेजारचे दुकान
गोदावरीबाई, देवळात हार करणाऱ्या